शेजारच्या शेतात चार इमारती: हरकत घ्यायची की ना-हरकत द्यायची?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नगरपरिषदेच्या हद्दीतल्या एका प्लॉटिंग सोसायटीत आमचं घर आहे. एकूण ३८ प्लॉट. कुंपणाला लागून सुमारे अडीच एकर शेत आहे. गेल्या आठवड्यात वर्तमानपत्रात जाहिरात आली, की हा जमिनीचा गट कलम ३७ खाली शेती विभागातून काढून रहिवास विभागात घ्यायचा प्रस्ताव आहे. विकासक तिथे सात मजली चार इमारती, २४० फ्लॅट करणार म्हणे. सोसायटीत दोन तट पडलेत. एक गट छापील हरकतींवर सह्या घेत फिरतोय. दुसरा म्हणतो, विकासक कुंपणाची भिंत नवी बांधून देतोय, सभागृहाला पैसे देतोय, तर ना-हरकत पत्र देऊन मोकळे व्हा. माझा प्रश्न असा, की झोन एकदा ठरला की तो बदलतोच कसा? इथे पाणी आधीच एक दिवसाआड येतं, घरांच्या किमतीही पडतील. पण माझ्याच मुलाला गावात परवडेल असा फ्लॅट मिळत नाहीये. हरकत घेतली तर मी स्वार्थी ठरेन का? आणि वरून सगळं ठरलंच असेल तर धडपड कशासाठी?

उत्तर:

तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा तपशील तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात: ‘कलम ३७’. ही जमीन आधीपासूनच रहिवास विभागात असती, तर विकासकाने महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली बांधकाम परवानगीचा अर्ज केला असता आणि तुम्हाला कुणी विचारलंही नसतं. त्या वाटेवर शेजाऱ्यांसाठी जाहिरात नसते, सुनावणी नसते. नगररचना विभाग नकाशा नियमांशी ताडून बघतो, ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो, विषय संपला. शेजाऱ्याचं म्हणणं मागवलं जातं ते झोन किंवा आरक्षण बदलताना, किंवा गावाचा संपूर्ण विकास आराखडा नव्याने होताना. म्हणजे तुमच्या पदरात आत्ता जो महिना आहे, तो या प्रकल्पाच्या आयुष्यात पुन्हा येणार नाही. एकदा झोन बदलला की पुढची परवानगी तुमच्या नकळत मिळू शकते.

आता तुमचा पहिला प्रश्न. झोन हा तुम्हाला कुणी दिलेला शब्द नाही. विकास आराखडा साधारण २० वर्षांच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवून करतात, आणि मधल्या काळात आराखड्याचं मूळ स्वरूप न बदलता किरकोळ फेरबदल करता यावेत, यासाठी कायद्यानेच कलम ३७ ची सोय ठेवली आहे. तुमच्या सोसायटीचा जुना सातबारा काढून बघा. बहुधा तिथेही कधीकाळी पीकपाणी लिहिलेलं सापडेल. हे तुम्हाला गप्प करण्यासाठी म्हणत नाही. ‘शेत आहे तसंच राहिलं पाहिजे’ या मुद्द्यावर उभं राहिलात तर पाय घसरेल, म्हणून आधीच सांगतो. एक हेक्टरच्या बदलाने अख्ख्या आराखड्याचं स्वरूप पालटतं, हे म्हणणं टिकायला अवघड जातं. हरकतीत तो मुद्दा जरूर लिहा, फक्त सगळा भार त्याच्यावर टाकू नका.

आणि स्वार्थाबद्दल. जाहिरात पुन्हा वाचा. तिच्यात ‘हरकती व सूचना’ मागवलेल्या असतात. लोक पहिला शब्द वाचतात आणि दुसरा सोडून देतात. ‘प्रकल्प नको’ आणि ‘प्रकल्प चालेल’ या दोनच बाजू आहेत असं धरल्यामुळे तुमच्या सोसायटीत तट पडलेत आणि तुमचीही घालमेल होतेय. वास्तविक शासन या फेरबदलाला तीन प्रकारे उत्तर देऊ शकतं: मंजूर, नामंजूर, किंवा अटींसह मंजूर. तुमच्या मुलाला घर हवं आहे, तसंच त्या २४० घरांत येणाऱ्यांनाही हवं आहे. त्यांनाही नळाला पाणी लागेल आणि गाडी वळेल असा रस्ता लागेल. तुम्ही या गोष्टींचा आग्रह धरलात, तर तो त्यांच्याही भल्याचा आहे. माझा सल्ला म्हणून स्पष्ट आहे: एकाच पत्रात हरकतही घ्या आणि सूचनाही द्या. छापील अर्जावर नुसती सही करू नका, आणि ना-हरकत पत्र तर अजिबात देऊ नका. ते का, ते पुढे येईलच.

‘सगळं ठरलंय’ असं तुम्हाला वाटतं, ते समजू शकतं. तरी फाइल कशी फिरते ते बघा. सर्वसाधारण सभेचा किंवा प्रशासकाचा ठराव, मग राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना, एक महिन्यात हरकती, मग सुनावणी, त्यावर नगरपरिषदेचा अहवाल, आणि मग प्रस्ताव नगरविकास विभागाकडे. तिथे नगररचना संचालकांचा सल्ला घेऊन अंतिम अधिसूचना निघते. निर्णय तुमच्या गावात होतच नाही. मंत्रालयात बसलेल्या अधिकाऱ्याने तुमचा रस्ता पाहिलेला नसतो, त्याच्यासमोर असतात ते कागद. त्या कागदांत ‘हरकती: निरंक’ असेल तर अट घालायला त्याच्याकडे आधारच उरत नाही. पुढे कधी उच्च न्यायालयात रिट याचिका करायची वेळ आली, तर पहिला प्रश्न हाच येतो की मुदतीत हरकत घेतली होती का. दिवाणी दाव्याची वाट या कायद्याच्या कलम १४९ ने जवळजवळ बंदच केली आहे.

मुदत मोजताना घोळ होतो. वर्तमानपत्रातली तारीख आणि राजपत्रातली तारीख वेगळी असू शकते. महिना कोणत्या तारखेपासून, हे सूचनेतच लिहिलेलं असतं. शंका असेल तर दोन्हींतली आधीची तारीख धरा. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका, तो नेमका सुट्टीचा निघतो. आणि ‘आम्हाला घरी नोटीस आली नाही’ म्हणून थांबू नका. बाधित व्यक्तींना स्वतंत्र नोटीस द्यायची असते, पण हरकत मात्र कोणतीही व्यक्ती घेऊ शकते.

आता काय लिहायचं. घरांच्या किमती पडतील, उजेड-वारा अडेल, ‘कसली माणसं येतील कोण जाणे’, हे मुद्दे बाजूला ठेवा. पहिला नियोजनाचा विषयच नाही. दुसऱ्याचा विचार सामासिक अंतराच्या (इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेच्या) नियमांत होतो, म्हणजे बांधकाम परवानगीच्या वेळी. आणि तिसरा मुद्दा लिहू नये असंच मला मनापासून वाटतं. तो तुमच्या पत्रात नाही, पण सह्यांच्या छापील अर्जात असेल तर खोडायला लावा. त्याने बाकीच्या मुद्द्यांचीही पत जाते.

वजन असतं ते मोजता येणाऱ्या गोष्टींना. सगळ्यात आधी रस्ता. नगरपरिषदेतून त्या गटाचा झोन दाखला आणि विकास योजनेचा भाग नकाशा मागा, शुल्क भरून दोन्ही मिळतात. समजा नकाशावर रस्ता १२ मीटरचा दिसला. मग मोजपट्टी घेऊन प्रत्यक्ष जा. या टोकाच्या कुंपणापासून समोरच्या कुंपणापर्यंत मोजा, नुसतं डांबर मोजू नका. मुख्य रस्त्यापासून त्या शेतापर्यंत निदान पाच ठिकाणी मोजा आणि प्रत्येक ठिकाणी पट्टीसकट फोटो काढा. एखाद्या ठिकाणी जुनं घर, विजेच्या डीपीचा खांब किंवा विहीर पुढे आलेली असते आणि तिथे साडेसहाच मीटर भरतात. अख्ख्या रस्त्याची खरी रुंदी तेवढीच. अग्निशमनाचा बंब त्या ठिकाणाहून वळतो का, हा प्रश्न कुठल्याही अधिकाऱ्याला टाळता येत नाही.

रस्त्याच्या रुंदीवर आणखी एक गोष्ट ठरते, आणि ती सोसायट्यांना क्वचितच माहीत असते. मुंबई महापालिका आणि आणखी काही क्षेत्रं वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे. दाट वस्तीचा गावठाण भाग सोडला तर तिच्यात मूळ एफएसआय, म्हणजे जमिनीच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, १.१० आहे. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर तेवढ्यावरच थांबायचं. रस्ता रुंद होत जातो तसा प्रीमियम (जादा शुल्क) भरून मिळणारा एफएसआय आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून हस्तांतरित केलेला बांधकाम हक्क) वाढत जातो. त्याशिवाय बाल्कनी, जिना, लिफ्ट, पॅसेज अशांसाठी निवासी इमारतीत ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र मिळतं. म्हणजे तुमच्या शेजारचं शेत १०,००० चौरस मीटर धरलं, तर मूळ एफएसआयचे ११,००० आणि त्यावर ६० टक्के मिळून १७,६०० चौरस मीटर होतात. २४० फ्लॅटना भागलं तर प्रत्येकी सुमारे ७३. म्हणजे ऐकीव आकडा अगदीच हवेतला नाही. पण प्रीमियम आणि टीडीआर जोडले तर तो वाढूही शकतो. तुमच्या सूचनेत म्हणूनच लिहा, की जादा एफएसआय देताना रस्त्याची नकाशावरची प्रस्तावित रुंदी धरू नये, नगरपरिषदेच्या ताब्यात आलेली रुंदी धरावी.

याच हिशेबात पर्यावरण मंजुरी दडलेली आहे. केंद्र सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामाला ती आधी घ्यावी लागते. तिथे बांधकाम क्षेत्र म्हणजे एफएसआय नव्हे, तर तळघर, पार्किंग, सेवा क्षेत्र धरून छताखालचं सगळं. १७,६०० मध्ये चार इमारतींचं पार्किंग मिळवा, आकडा २०,००० च्या पुढे जाण्याची दाट शक्यता आहे. नेमकी गडबड इथेच होते: दोन इमारती आधी, दोन नंतर असे तुकडे करून प्रत्येक अर्ज मर्यादेच्या आत दाखवतात. ‘संपूर्ण गटाचं क्षेत्र एकत्र धरून मंजुरी घ्यावी’ अशी अट आत्ताच मागा. इमारतींच्या पर्यावरण मंजुरीला जनसुनावणी नसते, त्यामुळे नंतर बोलायला जागा नाही.

पाण्याचं गणित तुम्हाला घरीच करता येईल. २४० फ्लॅट, दर घरी पाच माणसं, म्हणजे १,२०० लोक. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण आहे. गुणाकार येतो १,६२,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सोळा टँकर, रोज. त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, म्हणजे १,३०,००० लिटरच्या आसपास. आता नगरपरिषदेला माहिती अधिकारात विचारा: आमच्या भागाला पाणी देणाऱ्या टाकीची क्षमता किती, तिच्यावर सध्या किती नळजोडण्या आहेत, या भागात भुयारी गटार आहे का, असेल तर वाहिनीचा व्यास किती, नवी पाणी योजना मंजूर असल्यास काम कुठवर आलं आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. उत्तराला ३० दिवस लागू शकतात आणि तुमची मुदत महिन्याची आहे, म्हणून अर्ज उद्याच टाका. उत्तर मुदतीनंतर आलं तरी चालेल, ते सुनावणीत देता येतं. हरकतीत फक्त लिहून ठेवा की ही माहिती मागवली आहे.

शेताच्या कडेला ओढा-नाला आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर तोही मुद्दा घ्या. जुन्या मोजणी नकाशावर दिसणारा नाला नव्या प्रस्तावाच्या नकाशातून गायब झालेला असतो किंवा पाइपात घातलेला असतो, आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी खालच्या सोसायटीत शिरतं. जवळ नदी असेल तर निळी आणि लाल पूररेषा बघा. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, दोन रेषांच्या मध्ये निर्बंध असतात.

आता ती भिंत आणि सभागृहाचे पैसे. कायद्याने शेजारच्या सोसायटीची ना-हरकत झोनबदलाला लागत नाही. मग विकासक ती का मागतोय? दोन शक्यता आहेत. एक, सुनावणीत ‘शेजाऱ्यांची संमती आहे’ म्हणून ते पत्र दाखवता येतं. दुसरी जास्त महत्त्वाची: तुमच्या सोसायटीचा अंतर्गत रस्ता त्या शेताच्या बांधापाशी जाऊन संपतो का? तसं असेल तर प्रस्तावाच्या नकाशात तोच पोचरस्ता म्हणून दाखवला आहे का, ते तपासा. ३८ घरांसाठी केलेल्या रस्त्यावरून २४० घरांची वाहनं जाणार असतील, तर नव्या भिंतीची किंमत फार मोठी मोजली जातेय. मंजूर अभिन्यासातला (लेआउटमधला) तो रस्ता कुणाच्या नावावर आहे, हे सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर बघून घ्या. नगरपरिषदेकडे वर्ग झालेला असेल तर तो सार्वजनिक रस्ता आहे, तुम्हाला फाटक लावता येणार नाही. तेव्हा लढा रस्ता बंद ठेवण्याचा न करता, प्रकल्पाला मुख्य रस्त्यावरून स्वतंत्र पोच मिळण्याचा करा. अजून सोसायटीच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर असेल, तर त्या ना-हरकत पत्रावरची एक सही म्हणजे रस्ता देऊन टाकल्यासारखंच.

विकासकाशी बोलू नका असं मी म्हणत नाही. भेटा, प्रस्तावाचे नकाशे मागा. पण जे तो कबूल करेल, ते ‘फेरबदलाच्या मंजुरीत अट म्हणून घालावं’ असं दोघांनीही लेखी मागा. तोंडी आश्वासन देणारी कंपनी जमीन दुसऱ्याला विकून निघून जाते, अधिसूचनेतली अट जमिनीबरोबर राहते.

पत्राचा मसुदा साधा ठेवा. वर मुख्याधिकाऱ्यांचं पदनाम, किंवा सूचनेत ज्यांच्याकडे पाठवायला सांगितलं असेल ते. विषयात सूचनेचा क्रमांक आणि दिनांक, गट क्रमांक, ‘कलम ३७(१) खालील हरकत व सूचना’. मग एक मुद्दा, एक परिच्छेद, एक पुरावा. उदाहरणार्थ: ‘प्रस्तावित गटाला पोचणारा रस्ता विकास योजनेत १२ मी. दर्शविला आहे. प्रत्यक्षात मंदिराजवळ तो ६.५ मी. आहे (छायाचित्र २). सबब, रस्ता पूर्ण रुंदीने नगरपरिषदेच्या ताब्यात येऊन विकसित होईपर्यंत बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र देऊ नये, अशी अट घालावी.’ शेवटी ठळक लिहा की मला प्रत्यक्ष सुनावणी हवी आहे. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

सह्यांच्या अर्जाबद्दल वाईट वाटून घेऊ नका, तो तयार करणाऱ्यांची तळमळ खरी आहे. पण एकाच मजकुराच्या ३८ प्रती अहवालात ‘समान आशयाच्या हरकती’ म्हणून एका ओळीत जातात. सहा घरांनी सहा वेगळे विषय वाटून घेतले, तर सहा मुद्द्यांना सहा उत्तरं द्यावी लागतात. रस्ता एकाने, पाणी दुसऱ्याने, सांडपाणी तिसऱ्याने.

सुनावणीत वेळ फारच थोडा मिळतो. भाग नकाशाची एक मोठी प्रत न्या, तिच्यावर मोजमापं लाल शाईने लिहा, तीन मुद्दे बोला आणि लेखी म्हणणं देऊन पोच घ्या. नंतर सुनावणीचा अहवाल माहिती अधिकारात मागा. तुमचा मुद्दा त्यात चुकीचा नोंदला गेला असेल, तर प्रस्ताव शासनाकडे पोचण्याआधी किंवा पोचताच तिथे लेखी कळवता येतं.

ज्या वाचकांच्या शेजारची जमीन आधीच रहिवास विभागात आहे, त्यांच्यासाठी: सुनावणी नाही, पण तुम्ही नि:शस्त्रही नाही. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा आणि आठपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प विक्रीला काढण्याआधी महारेरात, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदवावा लागतो, आणि मंजूर नकाशे व प्रारंभ प्रमाणपत्र त्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. नकाशात नाला, विहीर, झाडं किंवा हद्द चुकीची दाखवली असेल, तर पुराव्यासह नगररचना विभागाला लिहा. खोट्या माहितीवर घेतलेली परवानगी रद्द होऊ शकते. जमीन ४,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर १० टक्के खुली जागा सोडावी लागते, ती नकाशात कुठे आहे ते बघा. कोपऱ्यातल्या वेड्यावाकड्या तुकड्यांत वाटून टाकलेली असेल तर तेही लिहा. जमीन नगरपरिषद हद्दीबाहेर, प्रादेशिक योजनेत असेल तर झोनबदल कलम २० खाली होतो, तिथली सूचना वेगळी निघते आणि गावात क्वचितच दिसते, म्हणून राजपत्रावर लक्ष ठेवावं लागतं.

तुमच्यासाठी आणखी एक काम आहे, निकाल काहीही लागो. सात मजल्यांच्या इमारतींचा पाया खोल जातो, आणि शेजारच्या घरांना पहिले तडे खोदाईच्या वेळी पडतात. तेव्हा ‘हे तडे जुनेच आहेत’ असं उत्तर मिळतं. म्हणून कुंपणालगतच्या घरांनी आत्ताच भिंती, जोतं, कुंपण यांचे तारखेसह फोटो काढून ठेवावेत, असलेल्या तड्यांच्या टोकांवर पेन्सिलने खूण करून दिनांक लिहावा, आणि बोअरच्या पाण्याची पातळी दोरीला वजन बांधून मोजून वहीत मांडावी. एप्रिल-मेमध्ये एकदा, पावसाळा संपल्यावर एकदा.